न्याहारीवाले सर

गावातल्या दुकानदाराचे वडील वारले तेव्हा शाळेतर्फे भेटायला आम्ही दोघं गेलो होतो, आमचे हेडमास्तर आणि मी. ओसरीवर माणसं मान खाली घालून बसलेली. आतून बायकांचं रडणं ऐकू येत होतं. सरांना पाहून दुकानदार हुंदका देत उठला. सरांनी त्याला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, "न्याहारी झाली काय?"

धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. अहो, बाप गेलाय त्याचा! पण दुकानदारानं दुपट्ट्यानं नाक पुसलं आणि लहान लेकरासारखं सांगून टाकलं, "नाही जी सर. कालपासून पोटात काईच नाही." मग काय विचारता! सर तडक शेजारच्या घरात शिरले, तिथल्या बाईकडून पिठलं-भाकर घेऊन आले आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसले. त्यानं शेवटचा घास खाईपर्यंत उठले नाहीत. वर चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाले, "रडाले बी ताकद लागते, बाप्पा."

असा हा माणूस. त्यांच्या हाताखाली मी बरीच वर्षं नोकरी केली आणि त्यातली निम्मी त्यांच्यावर चिडण्यात घालवली. आमची चौथीपर्यंतची शाळा बोरी अरबपासून आत, फाट्यावर उतरून ऑटोनं जावं लागतं अशा गावात. मी यवतमाळची. सकाळची एसटी धरायची, बोरीच्या फाट्यावर उतरायचं, ऑटो भरेपर्यंत ताटकळायचं, आणि धुळीनं माखून शाळेच्या फाटकात पाय ठेवते न ठेवते तोच समोरून प्रश्न, "मॅडम, न्याहारी झाली काय?" गुड मॉर्निंग नाही, नमस्कार नाही. "झाली" म्हटलं तरी सुटका नसे. "काय खाल्लं?" उपमा म्हटलं की, "त्यात शेंगदाणे होते काय?" नव्हते म्हटलं की चेहरा असा व्हायचा, जसा काही मी त्यांचा पगार अडवलाय.

सर मूळचे दिग्रसचे. बायको, मुलं, घर सगळं तिकडे ठेवून ते शाळेला लागून असलेल्या एका खोलीत एकटे राहायचे. उंच, वाळलेले, खांद्यावर पांढरा दुपट्टा, पायात त्या टायरच्या सोलच्या चपला. त्यांची बायको एकदा स्नेहसंमेलनाला आली होती. मी सहज म्हटलं, "सर सगळ्या गावाला खाऊ घालतात, घरी तर चैन असेल तुमची!" तशी ती फणकारली, "कशाची चैन वं माय? माह्या पोह्यात मीठ आहे की नाही हे आजवर कधी सांगितलं नाही त्यायनं. गावच्या पोट्ट्याइच्या ताटात मात्र डोकावत फिरते." सर शेजारीच उभे होते. ऐकलं न ऐकल्यासारखं करून त्यांनी तिलाच विचारलं, "तुह्यी झाली काय पण न्याहारी?"

हे खूळ त्यांच्या डोक्यात कधी शिरलं ते मला ठाऊक नाही. मी रुजू झाले तेव्हा ते पुरतं मुरलेलं होतं. दुपारची खिचडी सगळ्याच शाळांत मिळते, तशी आमच्याकडेही मिळायची. पण सरांचं म्हणणं असं, की दुपारपर्यंत लेकरू काय हवेवर जगते काय? आमच्याकडे कापसाची वेचणी सुरू झाली की बाया सकाळी लवकरच वावरात निघून जातात. लेकरं उठतात, चहात टोस्ट बुडवून खातात, दुकानातून चटपटीत खाऊचं पाकीट घेतात आणि कुरकूर चावत शाळेत येतात. दुसऱ्या तासाला एक पेंगतं, एकाच्या पोटात दुखतं, एक नुसतंच खिडकीबाहेर पाहत बसतं. "त्याले पाढे कुठून येईन?" सर म्हणायचे. "पाढे पोटातून वर येते, मॅडम." मी म्हणायचे, "सर, पाढे डोक्यातून येतात." "मंग डोकं काय पोटावाचून चालते काय?"

फाटकाशी उभं राहून ते पोरांची बोटं तपासायचे. पाकिटातल्या त्या मसाल्याचा नारंगी रंग बोटांना चिकटतो ना, तो धुतला तरी नखात राहतो. नारंगी नख दिसलं की सर कपाळाला हात लावायचे, पण कधी रागावले नाहीत. "चोर सापडला रे," म्हणून हसायचे आणि खिशातले फुटाणे त्याच हातावर ठेवायचे. पोरं इतकी बेरकी, की काहींनी फुटाण्यांसाठी मुद्दाम नखं रंगवून यायला सुरुवात केली. मी हे सरांना सांगितलं. ते खूश होऊन म्हणाले, "खाते ना पण फुटाणे? मंग झालं तं."

दुकानदाराशी तर त्यांची वेगळीच झटापट होती, हाच तो, ज्याचे वडील वारले होते तो. दारात पाकिटांच्या माळा तोरणासारख्या लटकलेल्या असायच्या. सरांनी त्याला विनवलं, "या माळा आत टांग ना रे भाऊ, लेकराइच्या डोयापुढं नको." तो म्हणाला, "मंग मी काय खाऊ सर? तुमचं भाषण?" सरांनी त्याचं म्हणणं मनावर घेतलं. रोज शाळा भरायच्या आधी, पोरांच्या गर्दीत उभं राहून, ते त्याच्याकडून भाजलेले शेंगदाणे विकत घ्यायचे आणि मोठ्यानं वाहवा करत खायचे. "क्या बात है! काय खमंग हाय राजेहो!" नाटकातला राजासुद्धा इतकं बटबटीत बोलत नसेल. पण हळूहळू पोरं शेंगदाणे मागू लागली, आणि माळा खरोखरच दारातून आत गेल्या. कुलपात काही गेल्या नाहीत, मागेल त्याला पाकीट मिळायचंच, ते सांगितलंच पाहिजे.

प्रभातफेरीचं तर विचारूच नका. घोषणा सर स्वतः रचायचे. "चहा-टोस्ट सोडा, भाकरीशी नातं जोडा." "मूग-मटकी मोडाची, न्याहारी आमच्या गोडीची." मी म्हटलं, "सर, हे यमक जुळत नाही." ते म्हणाले, "मॅडम, यमक जुळो न जुळो, मटकीले मोड आले पाहिजे." आणि खरोखरच फेरीच्या पुढे एक मुलगी मोड आलेल्या मटकीची परात डोक्यावर घेऊन चालायची, कलश घेऊन चालल्यासारखी. गावातल्या म्हाताऱ्या दारात येऊन पाहायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. पण त्यातल्याच एकीनं मला एकदा गुपचूप विचारलं, "बाई, मटकीले मोड आणाले फडकं ओलं ठेवाचं का कोरडं?"

यवतमाळला हेडमास्तरांची सभा होती. मी तिथं नव्हते, पण तिथं गेलेल्या दुसऱ्या हेडमास्तरांनी मला ते इतक्यांदा रंगवून सांगितलंय की मी पाहिल्यासारखंच झालंय. मोठे साहेब पोषणावर बोलत होते, बोलतच होते. शेवटी त्यांनी विचारलं, "कुणाला काही शंका?" आमचे सर उभे राहिले. "साहेब, आपली न्याहारी झाली काय?" सभागृह खो खो हसलं. साहेब गोरेमोरे झाले. मग खरं ते बोलले, "नाही हो. सकाळी गडबडीत राहूनच गेलं." सरांनी पिशवीतून उकडलेल्या चण्यांचा डबा काढला, चढले सरळ स्टेजवर आणि साहेबांपुढे उघडून ठेवला. साहेब चांगल्या मनाचे असावेत. त्यांनी चणे खाल्ले, आणि एक दिवस शाळेला भेट देऊन ही न्याहारी बघायला येईन असं तिथंच कबूल केलं. बरं दिसलं तर तालुक्यातल्या इतर शाळांतही सुरू करू म्हणाले. त्या दिवशी सर परत आले ते बोरीपासून ऑटोत न बसता पायी आले. आनंदात ऑटो विसरले, दुसरं काही नाही.

आता ती न्याहारी कशी चालायची ते सांगते. सरकारचा तिच्यात काही संबंध नव्हता. गावातल्या घरांनी वार वाटून घेतले होते. ज्या घराचा वार, त्या घरचं त्या दिवशी धान्य यायचं, ज्वारी म्हणा, मूग म्हणा, चणे, शेंगा, जे वावरात पिकलं असेल ते. खिचडी शिजवणाऱ्या मंदाकाकू सकाळी जरा लवकर येऊन चूल पेटवायच्या. घंटा व्हायच्या आधी पोरं ओसरीत पंगतीनं बसायची. कुणाच्या घरचं, कोणत्या मोहल्ल्यातलं, बुद्धविहाराकडचं की मारुतीच्या पाराकडचं, हे सर कधी विचारू द्यायचे नाहीत. "वार सोमवारचा हाय, बस," एवढंच सांगायचे.

आणि त्यांनी एक नियम केला होता. वाढायला सुरुवात करायच्या आधी विचारायचे, "आज घरून उपाशी कोण आलं?" जी पोरं हात वर करायची त्यांना पंगतीत पुढे बसवायचे. त्यांना मंदाकाकू नाही, सर स्वतः वाढायचे. वाढताना डोक्यावरून हात फिरवायचे. वर शेंगदाण्याचा एक लाडू. त्यांच्या दृष्टीनं ती साधी माया होती. ज्याला जास्त भूक त्याला आधी, यात वावगं काय? मलाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. वेचणी जोरात आली तसे वर होणारे हात वाढत गेले, आणि सरांना रात्री झोप लागेना. "मॅडम, इतकी लेकरं उपाशी येऊन राह्यली. मायबापाइले समजावलं पाहिजे. पूर्ण गावाले सांगितलं पाहिजे."

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाला सगळं गाव येतं. शाळेच्या भिंतीला लागूनच ग्रामपंचायत आहे, तिच्या गच्चीवर मोठा भोंगा. पाणी कधी सोडणार, फवारणीचं औषध आलं का, सगळं त्याच भोंग्यावरून कळतं. झेंड्याच्या दिवशी माईक शाळेच्या पटांगणात आणला जातो. सरांनी त्या वर्षी नवा कार्यक्रम बसवला, 'आज मी काय खाल्लं'. एकेक पोर यायचं आणि माईकवर सांगायचं. कुणी पोहे सांगितले, कुणी चहा-टोस्ट, एकानं अभिमानानं सांगितलं की त्यानं रात्रीचा रस्सा आणि भाकर खाल्ली. लोक हसत होते, मजा चालली होती.

मग आचल आली. तिसरीतली, चुणचुणीत पोरगी, दोन वेण्यांना तिरंगी रिबिनी. माईकला तोंड लावून म्हणाली, "मी काहीच नाही खाल्लं."

"का बरं, बाळ?" सरांनी विचारलं. माईक पुढे आला की ते शुद्ध पुस्तकी मराठी बोलायचे.

"आई वेचाले जाते."

झालं. सरांना जणू ह्याच उत्तराची वाट होती. त्यांनी माईक हातात घेतला. "बंधू-भगिनींनो, ऐकलंत? घरात पांढरं सोनं येत आहे, आणि आपलं लेकरू मात्र रिकाम्या पोटी शाळेची वाट चालत आहे! मातांनो, विचार करा!" आणखीही बरंच बोलले. ढोंग नव्हतं त्यात. पण मी समोर पाहत होते. आचलची आई चिंचेखाली बायकांमध्ये उभी होती. झेंड्यासाठी म्हणून ठेवणीतली साडी नेसून आली होती. बायकांनी एकेक करत तिच्याकडे वळून पाहिलं. तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि गर्दीतून निघून गेली. 'भारत माता की जय' तिच्या पाठीमागे झालं.

दुसऱ्या दिवशी आचल शाळेत आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आणि ज्या घराचा वार होता त्या घरून धान्यही आलं नाही. पुढच्या घरूनही नाही. मंदाकाकू रिकाम्या चुलीपाशी बसून होत्या. सरांनी विचारलं तेव्हा त्यांनी तोंडावर सांगितलं, "सर, बाया लय चिडल्या. म्हणते, सर आमच्या घरचं भोंग्यावर काढते. उद्या आमचं नाव घेईन. कायले द्यावं धान्य?"

आम्ही दोघं आचलच्या घरी गेलो. आई वावरातून नुकतीच आली होती, अंगणात सरपणाला तुरीच्या तुऱ्हाट्या रचत होती. सरांना पाहून तिनं डोक्यावर पदर घेतला, पण या-बसा म्हणाली नाही. आमच्याकडे दारात आलेल्याला बसा न म्हणणं, म्हणजे काय समजायचं ते समजा.

"मले दाखला पाहिजे आचलचा," ती म्हणाली. "तिच्या मामाकडं धाडतो, दिग्रसले. माहा भाऊ म्हणते, जिथं इज्जत नाही तिथं पोरगी ठेवाची नाही."

"अवं माय, माहं ऐकून तं घे..."

"तुमचं ऐकलं ना सर! अख्ख्या गावानं ऐकलं." तिनं हातातली तुऱ्हाटी खाली टाकली. "मी कोंबडं आरवाच्या आंधी उठतो. पह्यली भाकर पोरीची टाकतो, मंग माही. टोपल्यात झाकून ठेवतो, संगं गंजात भाजी ठेवतो, तवा वेचाले जातो. रोज! एक बी दिवस चुकला नाही. अन् तुम्ही भोंग्यावर सांगता, हिची पोरगी उपाशी येते?"

सरांना काही समजेना. मलाही. मी म्हटलं, "पण ताई, ती तर रोज हात वर करते. उपाशी आले म्हणते."

"हो का? मंग चला, दाखवतो." ती आम्हाला घरामागं घेऊन गेली. तिथं खुंट्याला बकरी बांधलेली. अशी गुबगुबीत बकरी मी त्या गावात दुसरी पाहिली नव्हती. "हे पाहा. वेचणीत साऱ्याइच्या बकऱ्या वाळल्या, माही फुगली. मी म्हणो, चारा मानवला बाप्पा. झेंड्याच्या दुसऱ्या दिवशी वेचाले गेलोच नाही, कोठीमागं लपून पाह्यलं. तं हे आमची महाराणी उठली, भाकर घेतली अन् देल्ली बकरीले. उभ्या उभ्या! मी पकडलं. म्हटलं, काहून वं? तं म्हणते, उपाशी गेलं की सर पुढं बसवते. सर आपल्या हातानं वाढते. अन् डोक्यावर हात फिरवते."

आचल दाराआड उभी होती. तिनं तोंड ओढणीत लपवलं.

सर बकरीकडे पाहत राहिले. मग ते तिथंच गोठ्याच्या दगडावर बसले. म्हणाले, "मॅडम, हे माही करणी हाय."

मग काय, गावभर शोध सुरू झाला. ज्या घरी बघावं तिथं हाच प्रकार. कुणाची भाकर कुत्र्याला, कुणाचे पोहे कोंबड्यांना. एका पोरानं तर पोळ्या दप्तराच्या तळाशी कोंबून ठेवल्या होत्या, त्यांना बुरशी आलेली. आया घरोघरी भाकरी करत होत्या आणि पोरं सरांच्या हातचं खायला मिळावं म्हणून उपाशी राहत होती. ज्या माणसानं लेकरांच्या न्याहारीसाठी जीव टाकला, त्याच्याच लाडानं लेकरं न्याहारी सोडून बसली होती. मला हसू येत होतं, पण सरांकडे पाहिलं की मी ते दाबून टाकत होते.

सर दुसऱ्यांदा आचलच्या आईकडे गेले, तेव्हाही मी सोबत होते. ते तिला म्हणाले, "माय, चूक माही हाय. तू सांग, मी काय करू?" त्यांना वाटलं होतं, ती म्हणेल जाऊ द्या. ती तसं म्हणाली नाही. "सर, तुमच्या मनात पाप नाही, मले माहीत हाय. पण आता मी वेचाले गेलो की बाया गप होते. माहं नाव ज्या भोंग्यातून गेलं, त्याच भोंग्यातून वापस आलं पाहिजे. नाही तं दाखला द्या."

सरांनी होकार दिला. पण गावात हे कळलं तसे सरपंच शाळेत धावत आले. "सर, येड लागलं काय तुमाले? साहेब यायचे हाय पुढच्या आठवड्यात. तुमच्या नियमापायी पोरं उपाशी राह्यली, हे भोंग्यावर सांगणार? बोरीपर्यंत जाईन ही गोष्ट. साहेब येऊन जाऊ द्या, मंग पाहू." मलाही सरपंचांचं पटत होतं. सरांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. ती भेट झाली असती तर त्यांची न्याहारी तालुकाभर गेली असती. त्या एका गोष्टीसाठी या माणसानं किती लोकांचं हसू सोसलं होतं, ते मी पाहिलेलं होतं.

सर सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "साहेब येईपर्यंत ती बाई कोणत्या तोंडानं वेचाले जाईन?" आणि उठून गेले.

साहेब आले नाहीत, हे इथंच सांगून टाकते. गोष्ट खरंच वर गेली, भेट आधी पुढे ढकलली आणि मग कुणी तिचं नावही काढलं नाही. तालुक्यातल्या दुसऱ्या कुठल्याही शाळेत ती न्याहारी सुरू झाली नाही. सर निवृत्त होऊन दिग्रसला गेले. आमच्या शाळेत मात्र वार अजून चालतात, मंदाकाकूंची चूल अजून पेटते. साहेबांचा विषय निघाला की मी आजही सरांच्या वतीनं हळहळते. स्वतः सरांना मी त्यावर कधी हळहळताना पाहिलं नाही.

भोंग्यावर बोलायचं ठरलं त्या दिवशी त्यांनी मला पहिल्या गाडीनं यायला सांगितलं होतं. मी पोचले तेव्हा ऊन नुकतंच कौलांवर आलं होतं. बाया डोक्याला फडकी बांधून, कमरेला कापूस टाकायच्या ओट्या खोचून वावराकडे निघाल्या होत्या. ग्रामपंचायतीच्या खोलीत सर माईकपुढे बसले होते. माईकवर पुस्तकी बोलणारा हा माणूस त्या दिवशी तसं बोलला नाही.

"बायाहो, मी शाळेचा मास्तर बोलून राह्यलो. दोन मिनिटं थांबा." भोंगा खरखरला. मी दारातून पाहिलं, रस्त्यावरच्या बाया थांबल्या. "आचलच्या मायनं आचलले रोज भाकर देल्ली. रोज. पोरगी ते भाकर न खाता शाळेत येत होती, ते माह्या नियमापायी. मी म्हणो, जो उपाशी येईन त्याले आंधी वाढीन. लेकरं म्हणे, मंग उपाशीच जाऊ. लेकराइचं काई चुकलं नाही. मायचं तं बिलकुल नाही. मी न विचारता, न पाहता, झेंड्याच्या दिवशी एका मायची इज्जत भोंग्यावर काढली. ते आज भोंग्यावरच वापस देतो. साऱ्या गावापुढं तिची माफी मांगतो. तो नियम आजपासून बंद. पोट भरून येवो का रिकामं येवो, जे लेकरू येईन ते पंगतीत बसंन. कोणाले काई विचारणार नाही."

त्यांचा आवाज थांबला. मग बायकांतून एक जण बाजूला झाली. आचलची आई होती. ती ग्रामपंचायतीच्या पायऱ्या चढली, चपला बाहेर काढल्या, खोलीत आली आणि सरांपुढे हात केला. "द्या इकडं."

मला वाटलं, आता ही त्यांना सुनावणार. सरांनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी मुकाट्यानं माईक दिला आणि मान खाली घालून उभे राहिले. तिनं तो चुलीतलं जळतं लाकूड धरावं तसा अंगापासून लांब धरला. जन्मात कधी ती चार माणसांपुढे बोलली नव्हती.

"आचल! वं आचल! ऐकून राह्यली काय?" तिचा आवाज भोंग्यातून सगळ्या गावावर गेला, वावरांवर गेला. "भाकर टोपल्यात झाकून ठेवली हाय. वांग्याची भाजी गंजात हाय. खाय, अन् मंग शाळेत जाय. मी वेचाले चाललो."

तिनं माईक सरांच्या हातात दिला, चपला घातल्या आणि बायकांत जाऊन मिसळली. त्यातली एक मोठ्यानं काहीतरी म्हणाली, सगळ्या हसल्या, आणि तिच्यासकट सगळ्या वावराच्या वाटेला लागल्या.

सर माईक बंद करायला वाकले, पण डोळे इतके भरून आले होते की त्यांना बटण सापडेना. ते दुपट्ट्यानं डोळे पुसत होते, नाक ओढत होते, आणि ते सगळं भोंग्यावरून गावाला ऐकू जात होतं. शेवटी मीच पुढे झाले आणि माईक बंद केला.